यशोधरा इथे राहत नाही

यशोधराला स्कूटी हवी होती, आणि हे ऐकलं की लोक आधी हसत. पन्नाशीला टेकलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, अंगावर कायम साडी, आणि म्हणे स्कूटी चालवणार! हसणाऱ्यांना तिचा धंदा ठाऊक नव्हता. ती बाळंतिणींची आणि बाळांची मालीश करायची. बाळाची आंघोळ सकाळी दहाच्या आत उरकलीच पाहिजे, हे बदलापूरपासून अंबरनाथपर्यंतच्या समस्त सासवांनी एकमताने ठरवून टाकलं आहे. त्यामुळे यशोधराची सगळी कमाई सकाळच्या त्या तीन-चार तासांतच. आणि घरं कुठे? एक अंबरनाथ पूर्वेला, एक चामटोलीकडे नव्याने उठलेल्या टॉवरमध्ये, आणि ती स्वतः राहायची बदलापूरच्या बेलवलीत, विहाराच्या मागच्या गल्लीत. शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायचं, उतरून दुसरी धरायची, मग टॉवरच्या गेटपासून आत चालायचं. तोवर तिकडे बाळ भुकेने रडून झोपी गेलेलं असायचं आणि सासूबाईंचं तोंड फुगलेलं.

यापायी तिची दोन घरं हातची गेली होती. आता त्या टॉवरांत मोबाइलवर बोलावता येणाऱ्या मालीशवाल्या पोरी यायला लागल्या होत्या. युनिफॉर्म घालून, स्वतःच्या गाडीवर, सांगितल्या मिनिटाला हजर. त्यांना बाळाची टाळू कशी भरायची हे कळत नव्हतं, नडगीवर बाळ ठेवायलाही त्या घाबरायच्या, पण त्या वेळेवर यायच्या. यशोधराच्या मनाने घेतलं होतं की येत्या महिन्या-दोन महिन्यांत गाडी आली नाही, तर उरलेली घरंही जाणार. मग काय, लोकांच्या धुणीभांड्याला जायचं?

बरं, गाडी चालवायला ती शिकलीही होती. लेक स्वप्नालीच्या मैत्रिणीच्या स्कूटीवर, रविवारी मैदानात, दोनदा आपटून. लायसन्ससुद्धा निघालं. उल्हासनगरातल्या एका सिंधी शेठच्या दुकानात एक जुनी पण चांगली गाडी तिने हेरून ठेवली होती. शेठ भला माणूस. म्हणाला, "देखो अम्मा, गाडी मैं महिनाभर रोक के रखता हूँ आपके लिए. पर उधारी का धंदा मैंने बंद कर दिया, साईं. आप कहीं से लोन कर लो." वर हेही सांगितलं, की इतक्या जुन्या गाडीवर बँक गाडीचं कर्ज देत नाही, पर्सनल लोन घ्यावं लागेल. यशोधराला पर्सनल हा शब्द आवडला. म्हणजे आपलं, खासगीतलं. बाहेर कुणाला कळायचं नाही असं काहीतरी असणार, असं तिला वाटलं.

नवऱ्याच्या नावावर काढावं, तर बबनचं नाव आधीच नासलेलं. रंगकामाच्या ठेकेदाराकडे तो रोजावर जायचा. कधीकाळी एका मित्राच्या मोटरसायकलला तो जामीन राहिला, मित्र गाडीसकट नाहीसा झाला, आणि तेव्हापासून बबनचं नाव टाकलं की बँकेचा कॉम्प्युटर तोंड वाकडं करायचा. बबनलाही त्याची लाज वाटण्याऐवजी थोडा अभिमानच होता. "मित्रासाठी केलं," असं तो म्हणायचा, आणि यशोधरा कपाळावर हात मारायची.

तेव्हा यशोधराने स्वतःच्या नावावर कर्ज काढायचं ठरवलं. आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नव्हता. बुडवायला घेतलाच नव्हता. तिला वाटलं, अशा माणसाला तर पायघड्या घालतील.

बँकेतल्या मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाल्या, "मावशी, तुमचा स्कोअरच नाहीये. तुम्ही आधी कधी लोन घेतलंय का?"

"नाही हो. कध्धीच नाही," यशोधरा ताठ मानेने म्हणाली.

"तोच तर प्रॉब्लेम आहे."

यशोधराने मान हलवली, पण तिला काही झेपलं नाही. कर्ज घेतलं नाही म्हणून कर्ज मिळत नाही? आणि घेतलं असतं आणि बुडवलं असतं तरी मिळालं नसतं, बबनसारखं. मग मिळतं कुणाला? मॅडम पुढे विचारत होत्या, व्यवसायाचा पत्ता काय, गुमास्ता लायसन्स आहे का, दुकान कुठे आहे. आता दुकान कुठे म्हणून सांगावं? तिचं दुकान लोकांच्या न्हाणीघरात. पाट त्यांचा, पाणी त्यांचं, तेलसुद्धा पुष्कळदा त्यांचंच. तिचे स्वतःचे काय ते हात. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "हे बघा, हेच." मॅडम हसल्या, चांगल्या मनाने हसल्या, आणि म्हणाल्या की हाताचं व्हेरिफिकेशन होत नाही.

मग पतपेढी झाली. तिथे दोन जामीनदार हवे होते, पगाराच्या स्लिपवाले. गल्लीत पगाराची स्लिप मिळणारे जे होते ते आधीच कुणाकुणाला जामीन होते, आणि ज्यांना वेळ होता त्यांना स्लिप नव्हती. मग स्वप्नालीने मोबाइलवर एक ॲप उतरवलं. ते म्हणालं पाच मिनिटांत पैसे, फक्त फोनमधले सगळे नंबर आणि सगळे फोटो बघायची परवानगी द्या. यशोधरा म्हणाली, "माझ्या फोनमधे बाळंतिणींचे नंबर आहेत. लोकांच्या पोरांचे उघडेबंब फोटो आहेत. ते ह्यांना कशाला पायजेत?" स्वप्नाली उल्हासनगरात एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसायची, तिला असल्या गोष्टी कळायच्या. तिने ते ॲप उडवून टाकलं. "मम्मी, ये सब फ्रॉड है," ती म्हणाली. "आमच्या लॅबच्या बाजूला एक फायनान्सवाले आहेत, ऑफिस आहे त्यांचं प्रॉपर. सेल्फ-एम्प्लॉइडला देतात बोलले."

यशोधराला सेल्फ-एम्प्लॉइड हेही नव्यानेच कळलं. आपण इतकी वर्षं काहीतरी आहोत आणि त्याला नाव आहे, हे ऐकून तिला बरं वाटलं.

फायनान्सवाल्यांनी खरंच तिला बसवलं, पाणी दिलं. आधार, पॅन, लाइटबिल, भाड्याचा करार, बँकेचं पासबुक, सगळं घेतलं. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, "आमचा माणूस घरी येऊन बघून जाईल. आणि जिथे तुम्ही काम करता तिथल्या एकाला फोन जाईल. मग पास." यशोधराने अंबरनाथच्या मीनलताईंचा नंबर दिला. त्यांच्या वरदची मालीश ती गेले पाच महिने करत होती. आधी बाळंतिणीची, मग बाळाची. मीनलताई शिकलेल्या, हसतमुख, निघताना चहा दिल्याशिवाय सोडत नसत. अशी साक्ष असल्यावर काळजी कसली?

आठवडाभराने मेसेज आला. स्वप्नालीने वाचून दाखवला. अर्ज नामंजूर. निवास पडताळणी नकारात्मक, व्यवसाय पडताळणी नकारात्मक.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे तू इथे राहत नाहीस," स्वप्नाली म्हणाली, "और तू काम भी नहीं करती."

यशोधराने कपाट उघडून आधार कार्ड काढलं, पत्ता वाचला, बाहेर जाऊन दारावरचा नंबर वाचला. बरोबर होता. लाइटबिलावरचा वाचला. तोही बरोबर. ती उंबऱ्यात बसली. सतरा वर्षं या खोलीत काढली. स्वप्नाली इथेच शाळेत जायला लागली, सासू इथेच गेली. आणि मी राहत नाही? मग राहतं कोण? बबनला विचारलं, तर तो म्हणाला, "तुझ्या नावाची दुसरी कोणी असेल." हे ऐकून ती आणखीच चक्रावली. दुसरी असली तर असेना, पण पत्ता तर हाच ना! भाड्याच्या करारात काही गफलत झाली का, घरमालकाने खोली परस्पर दुसऱ्याच्या नावावर केली का, अशा नाही नाही त्या शंका तिच्या डोक्यात यायला लागल्या. दोन दिवस तिचं कामात लक्ष नव्हतं. चामटोलीच्या रिद्धीच्या बाळाला तिने एकदा साबण लावला तो परत लावला.

शेवटी दुपारी ती तडक उल्हासनगर गाठून फायनान्सच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. काउंटरवरची मुलगी तीच होती. तिने स्क्रीनवर बघितलं आणि ती ओशाळली.

"मावशी, आमचा माणूस आला होता तुमच्याकडे. तुमच्या घराला कुलूप होतं. तुम्हाला फोन पण लावला त्याने, तुम्ही उचलला नाही."

"सकाळचा आला असंल. माझे तेलाचे हात असतात, पोर असतं पायावर. कसा उचलणार?"

"हो, पण मग त्याने शेजारी विचारलं. तीन घरी विचारलं. एक आजी म्हणाल्या, अशी कोणी बाई इथे राहत नाही. दुसऱ्या म्हणाल्या, राहायची पूर्वी, सोडून गेली. तिसऱ्या म्हणाल्या..." मुलगी थांबली. "पुण्याला बहिणीकडे गेली, तिची किडनी काढायचीये, आता काही परत यायची नाही."

पुण्याची बहीण आणि किडनी ऐकल्याबरोबर यशोधराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कारण ती पुण्याची बहीण यशोधरानेच जन्माला घातलेली होती. किडनीसुद्धा तिचीच.

झालं होतं असं. तिच्या शेजारच्या कुमुदिनीने लॉकडाऊनमध्ये एका महिला गटातून कर्ज घेतलं होतं. तेव्हा ती अंबरनाथला राहायची. नवऱ्याचं काम गेलं, हप्ते तुंबले, आणि ती पोरांना घेऊन बेलवलीच्या या गल्लीत येऊन राहिली. वसुलीवाले माग काढत गल्लीपर्यंत आले, नेमकं घर तेवढं त्यांना ठाऊक नव्हतं. हातात हेल्मेट, पाठीला बॅग, मोबाइलमध्ये फोटो. भर गल्लीत मोठ्या आवाजात बोलायचे, पोरांदेखत. एकदा कुमुदिनी दिवसभर मोरीत कडी लावून बसली होती. ते यशोधराला बघवलं नाही. तिनेच मग गल्लीतल्या बायकांना गोळा करून शिकवलं, की हेल्मेटवाला आला आणि कुणाचंही नाव विचारलं, तर म्हणायचं, इथे राहत नाही. फारच चिवट असला तर म्हणायचं, पुण्याला बहिणीकडे गेली, तिची किडनी काढायचीये. किडनी म्हटलं की माणूस पुढे काही विचारत नाही. आणि खरोखर, वसुलीवाले यायचे थांबले. पण बायकांची सवय काही थांबली नाही. कुरिअरवाला आला तरी आधी त्याचं पार्सल बघायचं आणि मग माणूस आहे की नाही ते ठरवायचं, असं त्या गल्लीचं चालायचं.

"आणि कामाच्या ठिकाणी?" यशोधराने क्षीण आवाजात विचारलं. मीनलताईंना तर तिने किडनी शिकवली नव्हती.

"तिथे फोन लागला होता. त्या मॅडम म्हणाल्या, यशोधरा नावाच्या कुणाला मी ओळखत नाही."

हे मात्र यशोधराला कुठूनच उलगडेना. गल्लीने नाकारलं ते प्रेमापोटी. पण मीनलताईंनी का? काही चुकलं का आपलं? बाळाला कुठे लागलं का? त्यांना आपण नकोशा झालो आणि तोंडावर सांगवत नाही, असं तर नाही? दुसऱ्या दिवशी वरदला पायावर घेऊन तेल चोळताना तिने खाली मान घालूनच विचारलं, "ताई, तुम्हाला फायनान्सवाल्यांचा फोन आला होता का?"

"अय्या, हो! कोणीतरी यशोधराबद्दल विचारत होतं. मला वाटलं, काहीतरी फसवाफसवीचा कॉल असेल. मी सरळ सांगितलं, आम्ही नाही ओळखत." मीनल हसली. मग मावशी हसत नाहीत हे तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा हळूहळू उतरला. "मावशी... तुमचं नाव..."

"यशोधरा."

पाच महिने. मीनलच्या फोनमध्ये तिचा नंबर 'मालीश बेलवली' असा होता. मीनलला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तिने पुन्हा पुन्हा सॉरी म्हटलं, कंपनीला आत्ता फोन लावते म्हणाली. यशोधरा म्हणाली, "असू द्या हो ताई, तुम्ही कशाला मुद्दाम केलंय?" पण तिला वाईट वाटलं. खूप वाटलं. जिथे लोक तिला नावानिशी ओळखत होते तिथे ते नाही म्हणाले, आणि जिथे खरं बोलले तिथे ते ओळखतच नव्हते. या दोन्हींतलं जास्त कशाचं वाईट वाटून घ्यायचं हेच तिला कळेना. वरद मात्र तिच्या नडगीवर मजेत हातपाय झाडत होता.

घरी येऊन तिने गल्लीची हजेरी घेतली. पहिली भिमाबाई. भिमाबाई म्हणजे कोपऱ्यातल्या घरातली सत्तरीची म्हातारी, दिवसभर दारात बसून तांदूळ निवडणारी. गल्लीत येणारं कुत्रंसुद्धा तिच्या नजरेखालून जायचं.

"भिमाकाकू, मी इथं राहत नाही का गं?"

"कोन बोलला?"

"तू बोललीस! त्या फायनान्सच्या पोराला!"

भिमाबाईला आठवलं आणि ती उलट खूशच झाली. "मग! असा पळवला त्याला! लई चिकट व्हता. वाचवला तुला."

"अगं, तो कर्ज द्यायला आला होता!"

भिमाबाईने तांदळातला हात काढला. कर्ज द्यायला माणूस घरी येतो, हे ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. "द्यायला कोन येतो का?" ती म्हणाली. "येतो तो न्यायलाच येतो."

मग सगळ्या जमल्या. यशोधराने समजावलं, की कंपनीतली मुलगी चांगली आहे, तिने माणूस परत पाठवायचं कबूल केलंय. दोन-तीन दिवसांत येईल. या खेपेला सगळ्यांनी सांगायचं, हो, यशोधरा इथेच राहते, मालीशचं काम करते. सगळ्यांनी माना डोलवल्या. फक्त कुमुदिनी मागे उभी होती, ती हळूच म्हणाली, "ताई, पण दोघं दिसतात सारखेच. तुझ्यासाठी आलेला कोणता आणि माझ्यासाठी आलेला कोणता, ते कसं ओळखायचं?"

"नाव विचारायचं आधी," यशोधरा म्हणाली, पण तिला स्वतःलाच ते फारसं पटलं नाही. वसुलीवाला काय आपलं खरं नाव सांगणार होता?

तिसऱ्या दिवशी ती चामटोलीहून परत येत होती. उन्हाचा तडाखा होता, रिक्षा मिळाली नव्हती, बराच रस्ता पायी झाला होता. त्यात रिद्धीच्या सासूबाईंनी निघताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं होतं, की पुढच्या महिन्यापासून बघू, मोबाइलवरची एक मुलगी येते म्हणतेय. गुडघ्यातून कळ निघत होती आणि डोक्यात त्या वाक्याचा भुंगा. गल्लीच्या तोंडाशी आली, तर समोर एक पोरगा. हातात हेल्मेट, पाठीला बॅग, मोबाइलवर काहीतरी बघत उभा.

"काकू, यशोधराबाई इथेच राहतात ना?"

यशोधराच्या तोंडून निघालं, "नाही हो, इथं नाही राहत. पुण्याला गेली बहिणीकडे."

"पुण्याला? कधी?"

"झाले की बरेच दिवस. किडनी काढायचीये बहिणीची."

पोराने सुस्कारा सोडला, मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि तो मागे वळला. यशोधरा चार पावलं पुढे गेली. पाचव्या पावलाला ती थबकली. आपण काय बोललो? कोणाबद्दल बोललो? तिने तोंडावर हात दाबला. मग गुडघ्याची कळबिळ विसरून ती मागे धावली.

"ओ दादा! ओ, थांबा! मीच ती! मीच यशोधरा!"

पोरगा गाडीला चावी लावत होता. त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "काकू, आत्ता तुम्हीच म्हणालात पुण्याला गेली."

"चुकून म्हणाले."

"चुकून? स्वतःबद्दल?"

आणि नेमकी याच वेळेला भिमाबाई दारातून उठून लगबगीने आली. हेल्मेटवाल्याने यशोधराला गाठलेलं बघून म्हातारीच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. तिने यशोधराचा दंड धरला आणि त्या पोराला ठणकावून सांगितलं, "ओ मास्तर, तिला काय इचारता? ही नव्हं यशोधरा. ही माझी भाची हाय, कर्जतची. हिला काय म्हाईत नाय."

"काकू!" यशोधरा किंचाळली. "हाच तो! द्यायला आलेला!"

भिमाबाई त्या पोराकडे बघत राहिली, मग यशोधराकडे, मग परत पोराकडे. तिचाही गोंधळ उडाला. "नक्की द्यायलाच ना?" तिने विचारलं.

पोराचं नाव विक्रांत. दिवसाला अमुक इतकी घरं तपासली तर पैसे, अशी त्याची नोकरी, आणि या एका बाईने त्याची दोन खेपांची वाट लावली होती. त्याने डोकं धरलं. "आता मी काय लिहू, सांगा. मागच्या वेळी तीन जणींनी सांगितलं, राहत नाही. आज स्वतः तुम्ही सांगितलंत, राहत नाही. मग म्हणालात मीच ती. या म्हणतात कर्जतची भाची. मी नेमकं कोणाशी बोलतोय?"

यशोधराने आधार कार्ड काढून दाखवलं. त्याने फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं. फोटो आधारवरचा असल्यामुळे त्याचा फारसा उपयोग झाला नाही. "कार्ड ठीक आहे," तो म्हणाला. "पण मग खोटं का बोललात?"

आता यशोधराला रडूच फुटलं. सकाळपासूनचं, महिन्यापासूनचं, सगळंच एकदम आलं. "दादा, तुमच्यासारखा माणूस इथं कधी काही द्यायला आलाच नाही हो. हेल्मेट बघितलं की आमचं तोंड आपोआप नाही म्हणतं. मी दुसरीसाठी खोटं बोलायला शिकले आणि ते मलाच येऊन चिकटलं. तुम्ही काय लिहायचं ते लिहा. पण मी इथंच राहते. सतरा वर्षं राहते. ही गाडी मला नाही मिळाली तर माझं काम जाणारे."

विक्रांतने गाडीची चावी खिशात टाकली. त्याची स्वतःची आई विठ्ठलवाडीला घरी बसून पापड लाटायची, आणि दार वाजलं की आधी खिडकीच्या फटीतून बघायची. हे त्याने यशोधराला सांगितलं नाही. तो नुसता म्हणाला, "चला, घर दाखवा. दारासमोर फोटो काढायला लागतो."

तोवर गल्लीतल्या सगळ्या बायका बाहेर आल्या होत्या. यशोधराने खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिली. विक्रांतने मोबाइल धरला. बायका तिच्या दोन्ही अंगांना येऊन उभ्या राहिल्या. भिमाबाईने तिचा दंड अजून सोडलाच नव्हता.

"फक्त अर्जदार पाहिजे फोटोत," विक्रांत म्हणाला.

कोणी हललं नाही. "आमी साक्षीला," भिमाबाई म्हणाली. "मागल्या टायमाला आमीच नाय बोललेलो ना. आता आमचा पन फोटो घ्या." शेवटी विक्रांतने सगळ्यांना घेतलं, आणि कंपनीला कळावं म्हणून विचारलं, यातल्या यशोधरा कोणत्या. सगळ्या बायकांनी एकदम तिच्याकडे बोटं दाखवली. तोच फोटो गेला. कुमुदिनी तेवढी त्यात नव्हती. ती तिच्या दारामागे उभी राहून बघत होती.

मीनलला कंपनीचा फोन पुन्हा आला. तिने यशोधराचं नाव, आडनाव, कामाची वेळ, सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. चार दिवसांनी मेसेज आला. कर्ज मंजूर. व्याज बँकेपेक्षा चढं होतं आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला होता, पण मंजूर होतं. शेठने गाडी पुसून ठेवली होती. यशोधरा ती उल्हासनगरहून स्वतः चालवत घेऊन आली, स्वप्नाली मागे बसून सारखी "मम्मी, ब्रेक, ब्रेक!" ओरडत. विहारासमोर गाडी लावली, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले, आणि ती गल्लीत पेढे वाटत फिरली. कितीतरी दिवसांनी तिच्या मनात कसलाच गोंधळ नव्हता.

भिमाबाईने पेढा घेतला, पण खाल्ला नाही. तळहातावर तसाच धरून बसली.

"काय झालं काकू? गोड चालत नाही का?"

"चालतो." म्हातारीने तिला जवळ बोलावलं. "यशे, ते कुमुदिनीचं घर त्यांना अजून घावलं नाय. तुझं घावलं. तुझा दरवाजा, तुझं तोंड, आमची तोंडं, समदं त्यांच्या फोनमधे गेलं. उद्या गुडघा बसला, काम थांबलं, हप्ता चुकला, आन तोच पोरगा हेल्मेट घेऊन आला, तर आमी काय सांगायचं? आता आमाला नाय बोलता नाय यायचं गं."

यशोधराच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. पेट्रोलचा खर्च तिने धरला होता, विम्याचा धरला होता, गुडघ्याच्या तेलाचासुद्धा धरला होता. हे तिच्या मनात आलंच नव्हतं. सबंध गल्लीत एवढं एकच घर होतं, ज्याचं दार तिने स्वतःच्या हाताने उघडून दाखवलं होतं. तिला भीती वाटली. ती भिमाबाईशेजारी पायरीवर बसली.

"काय सांगायचं मग?" भिमाबाईने पुन्हा विचारलं.

"सांगायचं, घरात आहे म्हणून," यशोधरा म्हणाली. "मी येईन बाहेर."

भिमाबाईने तिच्याकडे बघितलं, पेढ्याचे दोन तुकडे केले, आणि त्यातला एक तिच्या हातात दिला.